मेंढी मारणारा कुत्रा कसा ओळखावा

समोरचा माणूस लिहिता लिहिता वही मिटतो, पेन्सिल खिशात टाकतो आणि माते या आमच्या कडू चहाच्या भांड्याभोवती दोन्ही हात धरून तुमच्याकडे बघत बसतो, तेव्हा त्याचा अर्थ काय होतो? मी अडाणी माणूस. मला वाटलं, आता जे बोलू ते आपल्या दोघांत राहील. तसा अर्थ नसतो म्हणे. अर्थ एवढाच, की त्या माणसाची स्मरणशक्ती चांगली आहे.

डॉक्टर माइते इतुराल्दे, जनावरांची डॉक्टर. दोन हिवाळ्यांमागे ती पुंता अरेनास शहरातून माझ्या खोपीवर आली आणि अठरा दिवस राहिली. तिला मेंढरांमागच्या कुत्र्यांवर पुस्तक लिहायचं होतं. मी म्हटलं, "बाई, ज्याच्याकडे कुत्रा आहे त्याला वाचायला वेळ नाही, आणि ज्याला वेळ आहे त्याच्याकडे कुत्रा नाही. विकणार कुणाला?" ती हसली. हसणं चांगलं होतं तिचं, खोटं कशाला बोलू. चूल पेटवायची, कुत्र्यांच्या पायातले काटे काढायची, आणि ऐकायची. मी सतराव्या वर्षी चिलोए बेट सोडून या एस्तान्सियावर, मेंढरांच्या मोठ्या मळ्यावर, आलो. तेव्हापासून किती मेंढरं मेली, याखेरीज मला कुणी काही विचारलेलं नाही. ही बाई विचारत होती की पिल्लाला मेंढरू पहिल्यांदा कधी दाखवायचं, कोणत्या वाऱ्यात शिट्टी पोचत नाही. मी फुगलो. धबाधबा बोलत सुटलो. रागात असताना कुत्र्याला जवळ बोलवायचं नाही, आपण त्याच्याकडे चालत जायचं. बोलावून मारलं तर पुढच्या वेळी तो येणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल. असलं सगळं तिने लिहून घेतलं.

सोळाव्या दिवशी बर्फाने दार अडलं आणि विषय निघाला तोंडाला रक्त लागलेल्या कुत्र्याचा. आमच्याकडे नियम एकच. मेंढी मारणारा कुत्रा त्याच दिवशी मरतो, आणि त्याला मारायचा त्याच्या धन्याने, स्वतःच्या हाताने. कारभारी मारत नाही, शेजारी मारत नाही. ते सांगता सांगता मी थांबलो. म्हटलं, "पुढचं कागदावर यायचं नाही." तेव्हा तिने वही मिटली.

आणि मी तिला रेइनाचं सांगितलं.

एकवीस वर्षं झाली त्याला. नदीकाठच्या कुरणात एका सकाळी अकरा मेंढ्या मरून पडल्या होत्या, गळे फाटलेल्या. त्या भागात कुत्री दोघांचीच, माझी आणि माझ्या कोंपाद्रेची, एलेओदोरो उएंतेओची. त्याच्या पोरीला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातात धरलं, म्हणून तो माझा कोंपाद्रे. भाऊ असता तर कदाचित इतका जवळचा नसता. कारभाऱ्याचा निरोप आला की कुत्री तपासा. तपासायची रीत सोपी आहे. मिठाचं कोमट पाणी नरड्यात ओतायचं, कुत्रा ओकतो, आणि ओकारीत लोकर आहे का बघायची. मी माझ्या रेइनाला पाजलं. लोकर निघाली, मूठभर. मी त्या लोकरीवर बुटाने माती ओढली.

माझ्याकडे कामाचा कुत्रा तेव्हा ती एकच. ती गेली असती तर नोकरी गेली असती. कुत्र्याशिवाय मेंढपाळाला इथे कोण ठेवतो? एलेओदोरोकडे चार होते. हे मी तेव्हाही मनात म्हटलं आणि आजही म्हणतो. तेवढ्यात तो आला. मागोमाग त्याचा कुत्रा तिसोन आला, काळा, पुढचा एक पाय पांढरा, आणि त्याच्या थोबाडावर रक्त. मेलेल्या मेंढ्या हुंगून आला होता, दुसरं काही नाही. एलेओदोरोने मला विचारलं, "तुझी बघितलीस?" मी म्हटलं, "बघितली. काही नाही." तीन शब्द. तिसोनला त्याने पाणी पाजलंच नाही. रक्त दिसत होतं, आणखी काय बघायचं? त्याने त्याला हातातली भाकरी भरवली, झाडीकडे नेलं, आणि गोळीचा आवाज आला. पुढच्या महिन्यात मी त्याला एक पिल्लू दिलं. रेइनाचं. तो रडला होता ते घेताना. रेइनाला मी मरेपर्यंत रात्री साखळीने बांधली, आणि तिने पुन्हा काही केलं नाही.

हे मी बायकोला सांगितलं नव्हतं, पाद्रीला नाही. त्या बाईला सांगितलं. ती म्हणाली, "सांगितलंत, बरं केलंत." मला खरंच बरं वाटलं. त्या रात्री मी लहान मुलासारखा झोपलो.

या जानेवारीत, म्हणजे आमच्या उन्हाळ्यात, पुस्तक आलं. कातरणीचे दिवस होते आणि तीन दिवस पाऊस लागलेला. ओलं मेंढरू कातरता येत नाही, त्यामुळे कातरणारे सगळे भर दुपारी स्वयंपाकघरात पाय पसरून बसलेले, पत्ते खेळून कंटाळलेले. टपालाच्या ट्रकने पुडकं टाकलं. आत पुस्तक, पहिल्या पानावर शाईने लिहिलेलं: 'आबेलार्दो ओयार्सो यांस, ज्यांनी मला सगळं शिकवलं.' नेलिदाने ते मोठ्याने वाचलं. नेलिदा म्हणजे तीच, जिला मी बाप्तिस्म्याला धरलं होतं; मला ती पाद्रिनो म्हणते. आता कातरणीच्या दिवसांत ती आमची आचारीण असते.

"मास्तर, आता आमच्याशी बोलणार की नाही?" एक कातरणारा ओरडला. त्याचं नाव पालमिरो, तोंडाने फटकळ.

"तुझ्याशी आधी तरी कोण बोलत होतं?" मी म्हटलं. सगळे हसले. मी उठून चष्मा शोधायचं नाटक केलं, म्हणजे कुणीतरी म्हणावं की बसा, आम्ही वाचतो. माणूस म्हातारपणी असा मूर्ख होतो.

"पाद्रिनो, तुम्ही बसा, मी वाचते," नेलिदा म्हणाली. कणकेचे हात पुसून तिने प्रकरणांची नावं वाचली. पिल्लू निवडणं. शिट्ट्या. बर्फातलं काम. मेंढी मारणारा कुत्रा कसा ओळखावा.

"ते! ते मेंढी मारणाऱ्याचं!" पालमिरो म्हणाला. "त्यात मारामारी असणार."

त्यात आपलं काही नसणार. वही मिटली होती ना. तरी मी म्हटलं, "ते राहू दे. शिट्ट्यांचं वाच, कामाचं आहे."

"नाही, तेच वाच पोरी," कोपऱ्यातून एलेओदोरो म्हणाला. तो पुस्तकाकडे बघत होता, टोपी गुडघ्यावर ठेवून. "माझा तिसोन असेल त्यात. बाई माझ्याकडेही आली होती एक दिवस, मी तिला सांगितलं होतं त्याचं. सरळ कुत्रा होता, एकदाच चुकला. तेवढं लिहा म्हटलं होतं मी."

मग ती वाचू लागली. आधी पाण्याची रीत, किती मीठ, किती कोमट. कातरणारे माना डोलवत होते. मग आलं: 'माझ्या ओळखीच्या एका जुन्या मेंढपाळाचा, त्याला आपण श्री. अ. म्हणू, अनुभव बोलका आहे. अकरा मेंढ्या मारल्या गेल्या, तेव्हा त्याने आपल्या कुत्रीला पाणी पाजलं आणि तिच्या ओकारीत लोकर सापडली. त्याने ती मातीखाली लपवली. संशय शेजाऱ्याच्या काळ्या, एक पाय पांढरा असलेल्या कुत्र्यावर गेला. तो कुत्रा निर्दोष होता...'

नेलिदा थांबली. तिला कळलं होतं. तिसोन मेला तेव्हा ती सात वर्षांची होती, आठवडाभर जेवली नव्हती.

"वाच," तिचा बाप म्हणाला.

"बाबा, कणीक वाळतेय."

"वाच म्हटलं ना."

ती उभ्यानेच वाचत राहिली, खाली मान घालून, एका सुरात. '...तो धन्याच्या हातून मारला गेला. पुढे श्री. अ. यांनी शेजाऱ्याला आपल्या त्याच कुत्रीचं पिल्लू दिलं. त्या पिल्लाचा वंश आजही शेजाऱ्याकडे काम करतो आणि त्यातल्या एकानेही मेंढी मारलेली नाही. वाचकांनी लक्षात घ्यावं की हा दोष रक्तातून उतरत नाही.'

म्हणजे एवढ्यासाठी. हा एक मुद्दा सिद्ध करायला. नाव झाकलं की झालं, असं वाटलं असेल तिला. पांढरा पाय झाकायचं सुचलं नाही. शहरातल्या वाचकाला श्री. अ. म्हणजे कोण ते कळणार नाही, हे खरं. पण त्या स्वयंपाकघरात असा एक माणूस नव्हता ज्याला ते कळलं नाही. पालमिरोसुद्धा बुटाकडे बघत बसला होता. कुणीतरी मला शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

एलेओदोरोने टोपी डोक्यावर घातली आणि बाहेर गेला. मी मागोमाग गेलो, टोपी न घेता. तो कुत्र्यांच्या छपराखाली उभा होता आणि त्याची कुत्री मोरा त्याच्या पायाला अंग घासत होती.

"ही पण तिचीच ना?" त्याने विचारलं. "रेइनाची पणती."

"कोंपाद्रे, त्या बाईने मला दगा दिला," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, मला थांबवता येईना. "मी सांगितलं होतं तिला, कागदावर यायचं नाही. माझ्या घरात बसून माझी भाकरी खाल्ली तिने! मी पुंता अरेनासला जाऊन तिच्या दारात तिचं पुस्तक—"

"तिने तुला दगा दिला," तो म्हणाला. "ते तुझं तू बघ. मला त्यात कशाला ओढतोस?"

तो खाली वाकून कुत्रीचे कान चाचपत होता, गोचीड शोधल्यासारखा.

"किती दिवस होती ती तुझ्याकडे?"

"अठरा."

"अठरा दिवसांत तिला सांगितलंस."

"बर्फ पडत होता. आम्ही अडकलो होतो. तोंडातून गेलं..."

"आपण किती हिवाळे अडकलोय रे एकत्र?"

मी म्हटलं, "भीती वाटायची. तू मला मारलं असतंस."

"मारलं असतं," तो म्हणाला. "दात पाडले असते तुझे. मग उन्हाळाभर बोललो नसतो. हिवाळ्यात एखाद्या दिवशी तुझ्या खोपीवर आलो असतो, तू माते पुढे केली असतीस, मी घेतली असती. आपल्या दोघांतलंच होतं ना ते. कुणाला काय माहीत होतं?"

"मग मार," मी म्हटलं. "आता मार. मी हात उचलणार नाही. आणि हिवाळ्यात ये."

तो कुत्रीला सोडून सरळ उभा राहिला. एकदा तर मला वाटलं की मारतोय, आणि देवाशपथ, मला आनंद झाला.

"आता कसा येऊ?" तो म्हणाला. "आत वीस माणसं बसलीत. उद्या अख्ख्या किनाऱ्याला कळेल. माझी पोर उभी राहून वाचत होती ते. आता मी तुझ्याकडे आलो तर लोक म्हणतील, त्याने याला याचा कुत्रा फुकट मारायला लावला आणि हा त्याच्याच घरी माते प्यायला जातो. नेलिदा म्हणेल. तोंडाने नाही म्हणणार, पण म्हणेल."

"लोकांचं काय घेऊन बसलास!"

"तू नव्हतास घेऊन बसला? एकवीस वर्षं?"

त्याने मोराला साखळी लावली. भर दुपारी, काही कारण नसताना. मग तो स्वयंपाकघरात परत गेला, कारण ओल्यात दुसरं कुठे जाणार. मी बराच वेळ छपराखाली उभा राहिलो. आत गेलो तेव्हा नेलिदाने सगळ्यांना वाढलं होतं आणि माझंही ताट ठेवलं होतं, माझ्या नेहमीच्या जागी नाही, दाराजवळच्या बाकावर, जिथे ट्रकवाला आला की बसतो.