अबोलीची वाळकी बोंडं

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या रांगेसाठी लोकांनी सकाळीच रुमाल टाकून ठेवले होते. कशासाठी? तर थेंबबाबा आजारी माणसाच्या हातात अबोलीचा वाळक्या बोंडांचा तुरा द्यायचे, त्यावर मंतरलेल्या पाण्याचे चार थेंब शिंपडायचे आणि डोळे मिटून बसायचे. जरा वेळाने तुरा तडतडायचा.

"ऐकलंत? रोगाची हाडं मोडताहेत," बाबा म्हणायचे. चांगली शिकलेली माणसं यावर माना डोलवायची.

रोपवाटिकेवाली मावशी मागच्या भिंतीला टेकून हा तमाशा बघत होती. तिची धाकटी बहीण पहिल्या रांगेत लेकीला कुशीत घेऊन बसली होती. पोरीला फिट यायच्या. डॉक्टरांच्या गोळ्यांमुळे वर्षभर एकही आली नव्हती. परवा इथे तुरा तडतडला, बाबांनी गोळ्या बंद करायला सांगितल्या आणि बहिणीने केल्यासुद्धा. मावशी समजवायला गेली, तर तुला मातीपलीकडे काय कळतं, असं ऐकून परत आली. तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता.

तेवढ्यात एका आजोबांचा तुरा गप्पच राहिला.

"पाप अजून ओलं आहे. पुढच्या आठवड्यात या," बाबा म्हणाले.

मावशीने मान उंच करून पाहिलं. ओलं पाप कुठलं, तुराच हिरवा होता! आठवड्यात वाळला असता आणि बाबांचं काम झालं असतं. आता मात्र तिला राहवेना. ती सरळ पुढे गेली, पिशवीतून ताट काढलं, त्यात आपल्या रोपवाटिकेतले वाळके तुरे ठेवले आणि कोपऱ्यातल्या बेसिनचं पाणी पेल्यात आणून शिंपडलं.

"नास्तिकाच्या हाती झाड मुकंच राहतं," बाबा हसले.

ते हसतच होते, तोवर ताट तडतडायला लागलं. एक बी उडून थेट त्यांच्या कपाळावर बसलं.

"आता कुणाचा रोग गेला?" मावशीने विचारलं. "माझ्या ताटाचा?"

लोक हसले. बाबांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि ध्यानाची वेळ झाल्याचं सांगून आतली खोली गाठली.

बहीण मात्र हसली नाही. "मग ही बोंडं फुटतात कशानं?" तिने हळूच विचारलं.

"ओलीनं. बी ओल्या मातीत पडलं तरच रुजतं, म्हणून वाळलेलं बोंड पाणी लागेपर्यंत मिटून बसतं. तुम्ही सगळे फुलं सुकली की तुरा छाटता आणि फांदी लावून रोप करता, त्यामुळे हे कधी बघितलंच नाहीत. मी रोज असंच बी काढते, निचऱ्याच्या मातीत वरवर पेरते, कुंडी अर्ध्या सावलीत ठेवते. त्यात मंत्र कुठला आला?"

बहिणीने पर्स उघडली. गोळ्यांचं पाकीट आतच होतं. फेकायचा धीर तिला झाला नव्हता.

"आधी डॉक्टरांकडे चल. दोन दिवस चुकले, हे त्यांना खरं सांग," मावशी म्हणाली. मग गर्दीकडे वळली. "ताटातलं बी न्या आणि घरी पेरा. चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी तो स्वतः करून बघा. आणि औषध बंद करायचं असेल, तर ज्याने दिलं त्याला विचारा."

तिने भाचीचा हात धरला आणि तिघी जिना उतरल्या.