मोत्या, भावी नगरसेवक

काल्हेरची करिष्मा कुत्र्यांच्या वाढदिवसाचे बॅनर ऑनलाइन विकायची. नमुन्यावर तिचाच मोत्या होता: डोळ्यांवर गॉगल, गळ्यात साखळी आणि खाली मजकूर, ‘गल्लीचा वाघ, हाकेला धावणारा, भावी नगरसेवक!’ माल धडाधड खपत होता. एके दिवशी वेबसाइटच्या कंपनीने तिचं ऑनलाइन दुकानच बंद केलं. म्हणे, भावना दुखावल्या. कुणाच्या, ते सांगायला कुणी तयार नाही. करिष्मा नुसती धुमसत राहिली.

मग गावचे भावी नगरसेवक हितेशदादा स्वतःच दारात गाडीतून उतरले.

“तक्रार मीच केलती. कुत्र्याला कसला मान देतेस? माझा वाढदिवस हाय, नाक्यावर बॅनर पायजे.”

“मजकूर काय टाकू, दादा?”

“हाच झकास हाय. फोटो तेवढा बदल.”

तिने फोटो बदलला. गॉगल राहिला, साखळीही राहिली. फक्त ती आता सोन्याची होती.