पांढरझरीचा पाटा

नालवाडीच्या बायांना पाहुण्यांचं कौतुक म्हणून उरलं नव्हतं. वर्धा उशाला, सेवाग्राम हाकेवर. त्यामुळे गेली वीस वर्षं कोणी ना कोणी वही-पेन्सिल घेऊन गावात यायचं, चुलीत डोकवायचं, खताचा खड्डा मोजायचं आणि मान डोलवत परत जायचं. एका गोऱ्या बाईनं म्हाताऱ्या जिजाबाईला विचारलं होतं, तुम्ही दात कशानं घासता? जिजाबाई म्हणाली, "बोटानं. तुमच्यात काय पायानं घासतात?" दुभाष्यानं त्याचं काय केलं देव जाणे, पण बाईनं ते लिहून घेतलं.

म्हणून छप्पन सालच्या पौषात, कापसाची वेचणी उरकत आली तेव्हा, विकासगटाचे बंडूजी चावडीवर उभे राहिले आणि म्हणाले, "भगिनींनो, आता तुम्ही बाहेर पडायचं आणि तुम्ही पाहायचं," तेव्हा बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. बंडूजी म्हणजे तिशीतला, खादीच्या कडक इस्त्रीतला गडी. गळ्यात शिट्टी, खिशात दोन फाउंटन पेनं. त्यांच्या जीपमध्ये आणि तिला मागे जोडलेल्या उघड्या डब्यात मिळून सात बाया मावणार होत्या. सकाळी निघायचं, डोंगरातली दोन तळी पाहायची, एक आदर्श गाव पाहायचं, दिवेलागणीला परत.

"कोन्तं गाव?" अन्नपूर्णानं विचारलं.

"पांढरझरी."

अन्नपूर्णाचा हात असा वर गेला की शेजारणीच्या डोक्यावरचा पदर खाली आला. पांढरझरी तिचं माहेर होतं आणि अकरा वर्षांत तिनं तिकडे पाऊल टाकलं नव्हतं.

कारण होतं पाटा. तिची आई गेली तेव्हा मागे एक म्हैस, दोन लुगडी आणि काळ्या दगडाचा पाटा राहिला. भाऊ नव्हता, दोघी बहिणीच. थोरली मंदाबाई गावातच दिलेली, अन्नपूर्णा धाकटी. म्हैस कोणी घ्यायची यावरून एका शब्दाचा वाद झाला नाही. पण पाटा आईनं धाकटीला देऊ केला होता, सगळ्यांच्या देखत. आणि तेरवीच्या दिवशी अन्नपूर्णा नदीवर गेली असताना थोरलीनं तो उचलून आपल्या घरी नेला. अन्नपूर्णा परत आली, रिकामी जागा पाहिली. नुसता वरवंटा गाठोड्यात घातला आणि नालवाडीला निघून आली. तेव्हापासून पाटा डोंगरात, वरवंटा नालवाडीत. तिनं त्या वरवंट्याला तीन पाटे करून पाहिले, एकावरही तो नांदला नाही.

"जाऊन काय करशील?" नवऱ्यानं, रूपरावनं, विचारलं.

"पाहीन फक्त," ती म्हणाली. "सरकारच म्हणून राह्यलं पाह्यचं म्हणून."

पहाटे जीप निघाली. पुढे ड्रायव्हर प्रेमदास आणि बंडूजी, मागे बाया आणि भाकरींची गाठोडी. सेलू गेलं, हिंगणी गेलं, मग रस्ता संपला आणि डोंगर सुरू झाला. पहिल्या तळ्यावर बंडूजींनी शिट्टी वाजवली, बायांना पाळीवर ओळीनं उभं केलं आणि वही उघडली.

"भगिनींनो, या तलावाची खोली अठरा फूट. याच्याखाली दीडशे एकर जमीन भिजू शकते. प्रश्न विचारा."

"याच्यात कोण कोण बुडून मेलं?" जिजाबाईनं विचारलं.

बंडूजींनी वही चाळली. त्यात ते नव्हतं.

"दोन म्हशी आन् एक पटवारी," प्रेमदास स्टिअरिंगवरूनच म्हणाला.

आता कुठे तळ्यात जीव आला. पटवारी कोणता, पोहायला उतरला होता की कोणी लोटला, त्याच्या बायकोचं पुढे काय झालं, यात अर्धा तास गेला. बंडूजी दोनदा शिट्टी वाजवून थकले. अन्नपूर्णाचं मात्र पटवाऱ्याकडे लक्ष नव्हतं. पाण्यापलीकडे तिला ओळखीची टेकडी दिसत होती, तिच्या मागे दुसरं तळं आणि तळ्याला लागून पांढरझरी. ती मनात एकेक वाक्य घोळवत होती. बहिणीला पहिलं काय म्हणायचं? 'कशी आहेस' हे तर नाहीच नाही.

पांढरझरीच्या वेशीवर बंडूजींनी गाडी थांबवली आणि घसा साफ केला. आदर्श गावातली आदर्श गोष्ट आता पाहायची होती. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी स्वतः राबून, स्वतःच्या हातांनी सिमेंट कालवून, गावातला पहिला संडास बांधला होता. तो रस्त्यावरून दिसावा म्हणून वेशीजवळच्या अंगणात बांधला होता. ते अंगण अन्नपूर्णानं लांबूनच ओळखलं. तिच्या बहिणीचं होतं.

मंदाबाई घरी नव्हती, लाकडं आणायला गेली होती. तिचा नवरा कवडू ओसरीवर बिडी ओढत बसला होता. मेहुणीला पाहून त्यानं बिडी विझवली, पुन्हा पेटवली आणि म्हणाला, "आली का?" जणू ती काल बाजारात गेली होती.

संडासाच्या तट्ट्याच्या दाराला हे एवढं कुलूप होतं.

"छान!" बंडूजी बायांकडे वळून म्हणाले. "स्वच्छतेची किती काळजी पाहा. कवडूभाऊ, किल्ली?"

"चाबी तिच्या कमरेले राह्यते."

"मग तुम्ही कसे जाता?"

कवडूनं डोंगराकडे हात केला. बंडूजींनी ते पाहिलं नाही. त्यांनी आणि प्रेमदासनं मिळून दार बिजागरीसकट उचललं आणि बाजूला ठेवलं. आत गुडघाभर कांदे होते.

"ही... तात्पुरती साठवण आहे," बंडूजी म्हणाले. कपाळ पुसलं, धोतर खोचलं आणि टोपलीनं कांदे उपसायला लागले. बाया पदर तोंडाला लावून उभ्या. शेवटी जमीन दिसली, मधलं भोक दिसलं आणि दोन बाजूंना पाय ठेवायचे दोन दगड.

"आता नीट पाहा, भगिनींनो. डावा दगड नदीतला, त्यावरून पाय घसरतो. म्हणून उजवा दगड मी मुद्दाम शोधला. टाकी मारलेला, खरबरीत. कितीही ओला असू द्या, पाय हलणार नाही!"

अन्नपूर्णा पुढे वाकली. उजव्या दगडावर टाकीच्या खुणांची एक मासोळी होती. शेपूट जरा वाकडं. ती सात वर्षांची असताना गावात आलेल्या टाकीवाल्याला तिनंच हट्टानं काढायला लावलं होतं ते. त्याला मासा येत नव्हता.

तिची किंकाळी दुसऱ्या तळ्यापर्यंत गेली असावी. निदान तिथले बगळे उडाले.

"आईचा पाटा!"

त्याच वेळी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन मंदाबाई अंगणात शिरली. केस पिकलेले, गाल बसलेले. अन्नपूर्णाला क्षणभर वाटलं आईच आली. पण तोंडात आलेलं वाक्य आता थांबणारं नव्हतं.

"आईच्या पाट्यावर हागता काय वो तुम्ही?"

मोळी धाडकन खाली पडली. "कोण हागलं? नाव सांग! अकरा सालानं आली आन् दारातून हेच विचारून राह्यली?"

"तूनं काऊन नेलता? आईनं मले देल्लता!"

"आन् वरवंटा कोण पळवला? मी काय कोपरानं चटणी वाटू? पडला होता भिंतीले टेकून, सालोसाल. मी वावरात गेलतो, तं यायनं," मंदाबाईनं कवडूकडे बोट केलं, "या शिट्टीवाल्याले उचलून देल्ला. परत येऊन पाहतो तं सिमिट सुकलेलं! घेऊन जाय आता. तुलेच पायजे होता ना?"

"आता? संडासातला? माझ्या चुलीपाशी?" अन्नपूर्णा एक पाऊल मागे सरली. "ठेव तुलेच. थोरली तू हायेस."

"देल्लता तुले आईनं!"

"नेलता तूनं!"

अकरा वर्षं ज्या पाट्यासाठी दोघी बोलल्या नव्हत्या, तो आता दोघी एकमेकींच्या गळ्यात घालत होत्या. गावातली माणसं कुंपणाला लागली. बंडूजी मध्ये पडून म्हणाले, "भगिनींनो, मूळ मुद्दा सिमेंटच्या प्रमाणाचा आहे," पण त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही.

जिजाबाई खाली बसली, चष्मा पुसला, भोकात वाकून पाहिलं, वास घेतला आणि उठली.

"अवो," ती म्हणाली, "पण याच्यावर बसलं कोण? आत तं कोरडं ठणठणीत हाये. कोळ्यानं जाळं विणलं."

मंदाबाईनं कमरेची किल्ली काढून तळहातावर धरली.

"कोण बसन?" ती हळू म्हणाली. "त्याच दिवशी बाजारातून कुलूप आणलं. कांदे भरून ठेवले, का कोणाले पाय ठेवाले जागाच नोको. साहेब आलते, त्याहिले सांगतलं आत नाग हाये. याहिले सांगतलं पाऊल टाकलं तं जेवाले नाई भेटणार. सहा महिने झाले, रोज सांजीले पाहून घेतो. आई त्याच्यावर वाटत बसे ना. तिच्या पाठीवर पाय देल्ल्यासारखं वाटे मले."

बहिणीच्या हातावर लाकडाचे ओरखडे होते. अन्नपूर्णा त्यांच्याकडे पाहत राहिली.

बंडूजी मात्र पांढरे पडले होते. "सहा महिने? एकदाही नाही? अहो, मी दर महिन्याला वर लिहून पाठवतो, पाच माणसांचं कुटुंब नियमित वापर करतं!"

"चार हाओत आमी," कवडू म्हणाला. "आन् नियमित जातो. तिकडे."

मग दोघी बहिणींना पाटा पुन्हा हवा झाला. या वेळी मात्र कोणी भांडलं नाही, दोघींनी एकदमच ओसरीवरची पहार धरली. बंडूजी दारात आडवे उभे राहिले. "गुरुवारी मोठे साहेब येणार आहेत! एकाच पायाचा संडास मी त्यांना कसा दाखवू?"

"साहेबाले म्हणा," जिजाबाईनं त्यांना खांद्याला धरून बाजूला केलं, "एका पायावर बसून पाह्य. सायबाले काय जड हाये?"

सिमेंट बंडूजींनी खरंच चांगलं घातलं होतं. तासभर लागला, प्रेमदासनं जीपमधली दुसरी पहार आणली, पाट्याचा एक कोपरा उडाला. निघाला तेव्हा सात बाया, मंदाबाई, एक कवडू आणि जाणारे-येणारे दोघे अशा सगळ्यांनी तो उचलून दुसऱ्या तळ्यावर नेला. बंडूजींनी या तळ्यासाठी वहीत दोन पानं लिहून आणली होती. ती त्यांनी वाचली नाहीत. पाळीवरच्या बोरीखाली बसून बोरं खात ते कुठेतरी दूर पाहत होते. खाली बायांनी पाटा पाण्यात घालून राखेनं घासला, मातीनं घासला, पुन्हा राखेनं घासला. जिजाबाईनं कोणाच्या तरी गोठ्यातून लोटाभर गोमूत्र आणलं.

"बसलंच नाई कोणी, तं हे कशाले?" मंदाबाई म्हणाली.

"सिमिटासाठी," जिजाबाई म्हणाली. "सरकारी होतं ना थे."

भाकरी सोडल्या. बेसनाचं चून होतं, ठेचा होता. दोघी बहिणी एका फडक्यावर जेवल्या, पण एकमेकींकडे पाठ करून, कारण इतक्या लवकर कोणी नमायचं नसतं. जेवण झाल्यावर अन्नपूर्णा म्हणाली, "वरवंटा नालवाडीले हाये."

"मले ठाऊक हाये कुठी हाये."

"तं पाटा तिकडे न्या लागन."

मंदाबाईनं तोंड पुसलं. "पाटा जाईन तं मी बी जाईन. तुह्यावर माहा इस्वास नाई."

कवडूला विचारायची कोणाला गरज वाटली नाही. त्यानं स्वतःच तिचं लुगडं गाठोड्यात बांधून आणलं आणि इतक्या घाईनं दिलं की बाया हसल्या.

परतीला सात बायांच्या जागी आठ झाल्या आणि मध्ये पाटा. मंदाबाईनं जन्मात मोटरगाडीत पाय ठेवला नव्हता. पहिल्या उतारावर तिनं डोळे मिटले. दुसऱ्यावर ती डब्याच्या कडेवर ओणवी झाली आणि दुपारचं सगळं डोंगराला परत केलं. अन्नपूर्णानं उठून तिचं कपाळ दोन्ही हातांनी घट्ट धरलं. आजारपणात आई धरायची तसं.

"उद्या चटणी करशीन," मंदाबाई ओकाऱ्यांच्या मधल्या वेळात म्हणाली, "तं लसूण कमी टाकजो. आई कमीच टाके."

"आई मूठभर टाके."

"कमी टाके. तू लहान होती. तुले काय समजे?"

"तू आधी ओकून घे," अन्नपूर्णा म्हणाली. "मंग पाहू."

पुढच्या सीटवरून बंडूजींनी मागे वळून विचारलं, "भगिनींनो, आजच्या सहलीतून काय शिकलात?" जीप खड्ड्यात गेली आणि मंदाबाई पुन्हा कडेवर ओणवी झाली.

नालवाडीला पोचल्या तेव्हा दिवे लागत होते. रूपराव दारात उभा होता. त्यानं पाटा पाहिला, बायको पाहिली, हिरवट चेहऱ्याची मेहुणी पाहिली, आणि शहाणा माणूस, काही न विचारता अंगणात आणखी एक बाज टाकली. मंदाबाई चार दिवसांसाठी आली होती. होळीची पोळी खाऊन गेली.