सोराच्या पहिल्या पगाराची डबी

मी क्रीमची डबी बोलतेय. तोंड वर करून बोलावं असं माझ्याजवळ काही नाही, पण जायची वेळ आलीच आहे, तर बोलून टाकते.

माझा जन्म कारखान्यातला. मला हातात घेतलंत तर आधी माझं वजन जाणवेल. ते क्रीमचं नाही, काचेचं. माझा तळ मुद्दाम जाड ओतलाय, भिंतीही जाड. बाहेरून मूठ भरेल एवढी दिसते, आत मावतं बोटांची टोकं बुडतील एवढंच. वर सोनेरी झाकण, झाकणावर जिन्सेंगच्या मुळीचं चित्र. जिन्सेंग माझ्या आत किती होतं ते विचारू नका, कारखान्यात माझ्या जवळून गेलं असेल फार तर. खोक्यावर छापलं होतं, 'चेहऱ्याचं गेलेलं तारुण्य परत'. छापणाऱ्याला लाज नव्हती, म्हणून ती माझ्या वाट्याला आली.

कोरियातल्या बुसान शहरात एका मोठ्या दुकानात मला मांडलं. तिथे सोरा नावाची मुलगी नुकतीच नोकरीला लागली होती. पाठ केल्यासारखं सांगायची, "आधी तेलाने धुवा, मग फेसाने. मग टोनर, मग सिरम, मग डोळ्यांखालचं, मग ही डबी. सकाळी वरून उन्हाचं क्रीम. आणि थापटायचं हं, चोळायचं नाही."

"एवढं सगळं केल्यावर फरक पडेल ना?" बायका विचारायच्या.

"दोन आठवड्यांत बघा तुम्ही."

दोन आठवड्यांनी तक्रार घेऊन कुणी येत नसे. फरक पडला नाही तर बायका डबीला दोष देत नाहीत, स्वतःला देतात. आपणच मधली एखादी पायरी चुकवली असणार, असं म्हणतात आणि त्या पायरीची बाटली विकत घेऊन जातात. मी फळीवर बसून हे बघायचे आणि माझं झाकण आपलं चमकत राहायचं.

पहिल्या पगारात आईला लाल गरम कपडे न्यायचे, ही आमच्याकडची रीत. सोरा म्हणाली, "लाल कपडे सगळेच नेतात. मी आईला ही डबी नेणार." तिची आई, मालसुन, देब्योनच्या बंदरावर राहायची. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. वसंतात बोटी लागल्या की माणसं धक्क्यावर उभी राहून जाळी झटकतात, मांदेलीएवढी मासळी उडते, खवले तोंडावर चिकटतात. खाली सांडलेली मासळी गोळा करायची, पिंपात मिठात घालायची आणि मुरली की रस्त्याकडेच्या टपरीवर विकायची, हे मालसुनचं काम. ऊन, मीठ आणि वारा, तिन्ही तिच्या चेहऱ्यावर लिहिलेली होती. गालांवर काळे डाग, डोळ्यांशी खोल रेघा.

मला खोक्यातून काढल्यावर तिने हात पदराला पुसावेत तसे अंगावरच्या कपड्याला पुसले आणि मग मला घेतलं. म्हणाली, "केवढी जड आहे ग."

तेव्हाच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने मला उघडलंच नाही. पुन्हा खोक्यात घातलं, रिबीन होती तशी बांधली आणि कपाटावर ठेवलं. आल्यागेल्याला दाखवायची. शेजारच्या टपरीवरची बोंगजाताई एकदा म्हणाली, "सोराची आई, उघड की आता. काय पुढच्या जन्मासाठी ठेवलीस?"

"माझ्या तोंडाला एवढं महागाचं? मासळीला अत्तर लावल्यासारखं व्हायचं."

"मग मला दे. माझी मासळी तुझ्यापेक्षा ताजी आहे."

"तुझी कसली ताजी, तू माझ्याआधी मुरायला घातलेली," मालसुन म्हणाली, आणि दोघी हसत बसल्या.

सोराला गावी यायला सवड नसे, ती दुकानातल्या फुकट नमुन्याच्या पुड्या पाठवायची, त्या मात्र मालसुन वापरी. कात्रीने कापून, उलटी करून, नखाने शेवटचा थेंब काढून. बारीक अक्षर तिला दिसत नसे. एकदा केसांना लावायचं काहीतरी आठवडाभर तोंडाला चोपडून बसली होती. 'चेहरा मऊ लागतोय' म्हणत होती, आणि बोंगजाताईही 'हो, खरंच' म्हणत होती.

फोनवर सोरा विचारायची, "आई, लावतेस ना ग?"

"लावते की. रोज लावते."

"थापटून?"

"थापटून."

"फरक पडला?"

"पडला तर. बोंगजा म्हणते, धाकटी बहीण वाटतेस माझी."

मी कपाटावर, रिबिनीत. पोरीला बरं वाटावं म्हणून आई बोलते आहे, हे मला कळत होतं. त्यात काय वाईट, असंही वाटायचं. पण त्या खोट्याचं पुढे काय होत होतं ते सोराच्या फोनवरून कळलं तेव्हा मी हादरले. सोरा दुकानात गिऱ्हाइकांना सांगत होती, "माझी आई भर उन्हात मासळीचं काम करते. हीच डबी लावते. तिचा चेहरा बघाल तर तुम्ही थक्क व्हाल." ती खोटं बोलत नव्हती, तिचा आईवर विश्वास होता. त्या विश्वासावर माझ्या कितीतरी बहिणी विकल्या गेल्या, आणि पुरावा म्हणून होते मी, सील न तोडलेली.

अशीच काही वर्षं गेली. मग सोराचं दोह्योन नावाच्या मुलाशी जमलं. दोन्ही घरांनी समोरासमोर बसून जेवायची बैठक ठरली. त्या एका जेवणावर किती काय अवलंबून असतं ते मालसुनला चांगलं माहीत होतं. मुलाकडची माणसं शिकलेली, आई शाळेत मास्तरीण.

सोराचा फोन आला. आवाजातच आनंद. "आई, दोह्योनच्या आईनेही तीच डबी घेतली माझ्याकडून. मी तुझं सांगितलं ना. म्हणाल्या, तुझ्या आईचा चेहरा एकदा जवळून बघायचाय."

मालसुनने फोन ठेवला. आरशासमोर बसली, बराच वेळ बसली. मग स्टूल घेऊन चढली आणि मला खाली काढलं. रिबीन सोडली. झाकण उघडलं, सील ओढून काढलं.

काय सांगू तुम्हाला. माझ्या आतलं क्रीम पिवळं पडलं होतं, कडेला तेल सुटलं होतं, जुन्या तेलाचा वास येत होता. तळाशी तारीख होती, पण तिला ती दिसली नाही. नको लावूस ग बाई, असं मला म्हणायचं होतं. तिने बोटं भरून घेतलं आणि इतक्या वर्षांचं राहिलेलं एकदम भरून काढायचं असल्यासारखं गालांवर, कपाळावर लावलं. थापटून लावलं.

दुसऱ्या दिवशी चेहरा तांबडा झाला. बोंगजाताईने पाहिलं आणि म्हणाली, "लागू पडतंय बघ. काढ्याचं नाही का, आधी सगळं उठून येतं, मग बसतं. आता सोडू नकोस." मालसुनलाही ते पटलं. आमच्या बंदरावर सगळ्यांना पटतं ते, बिघडलं म्हणजे आत औषध काम करतंय. तिने सकाळी लावलं, संध्याकाळी लावलं. बैठकीच्या दिवशी उठली तेव्हा गालांवर पुरळ, पापण्या सुजलेल्या, कातडी भाजल्यासारखी. आणि हे सगळं माझ्यामुळे.

सकाळी सोरा तिला न्यायला आली. मालसुन नवे कपडे घालून बसली होती, तोंडावर कामाचा मोठा मास्क आणि वर टोपी.

"हे काय, मास्क काढ. आज कुठे मासळी आहे?"

"सर्दी झालीय."

सोराने मास्क ओढला. मग तिची नजर माझ्याकडे गेली. तिने मला उचललं, आत पाहिलं, उलटी करून तळ पाहिला. इतक्या डब्या विकल्या होत्या तिने, तिला सांगावं लागलं नाही.

"आई, तू कधीच लावलं नव्हतंस?"

"लावलं ना. परवापासून."

"मग फोनवर काय सांगत होतीस इतकी वर्षं?"

"तुझ्या पहिल्या पगाराचं होतं ग. बोट घालवेना."

सोरा खाली बसली. "मी लोकांना तुझं नाव घेऊन विकलंय आई. त्यांच्या आईला विकलंय."

मालसुन खाली मान घालून बसली. नवऱ्यामागे संसार ओढणारी बाई, पण चोरी सापडल्यासारखी बसली. मग म्हणाली, "तू एकटी जा. पाठ धरलीय म्हणून सांग माझी. मी लग्नात येईन, तोवर उतरेल हे."

आणि इथे जे झालं ते सांगताना माझी काच वितळेल असं वाटतं. सोराच्या चेहऱ्यावर एक क्षण सुटका झाल्यासारखा भाव आला. एकच क्षण. मी पाहिला. मालसुननेही पाहिला. पाहिला हे न दाखवता ती टोपी काढून खुंटीला लावायला उठली.

सोराला कळलं, आईने पाहिलंय. ती तशीच धावली आणि तिने आईचा हात धरला. "नाही. तू येतेयस. जशी आहेस तशी." मालसुन नको नको म्हणत होती. सोरा तिला ओढतच घेऊन निघाली, आणि मला पिशवीत टाकलं, औषधवाल्याला दाखवायला.

वाटेत औषधवाल्याने माझा वास घेतला आणि नाक मुरडलं. एक साधं मलम दिलं आणि बजावलं, "यावर दुसरं काही थापू नका. पावडरसुद्धा नाही." म्हणजे झाकायची सोयही राहिली नाही. मालसुन तसाच उघडा, सुजलेला चेहरा घेऊन बैठकीला गेली. मी पिशवीत, सोराच्या मांडीशी.

ओळखी झाल्या, वाकून नमस्कार झाले, वाट्यांमागून वाट्या येत राहिल्या. सगळे मासळीबद्दल बोलत होते, हवेबद्दल बोलत होते. मालसुनच्या चेहऱ्याकडे कुणी बघत नव्हतं, आणि ते न बघणंच मोठं ऐकू येत होतं. मग दोह्योनची आई हळूच म्हणाली, "विहीणबाई, सोरा तुमच्या क्रीमबद्दल नेहमी सांगते."

सोराने श्वास घेतला, पण मालसुन आधी बोलली. "ते खोटं आहे. पोरीचं नाही, माझं. मी कधी लावलंच नव्हतं. महागाचं म्हणून जपून ठेवलं आणि तिला सांगत राहिले, लावते म्हणून. आता तुम्हाला भेटायचं म्हणून लावलं, तर ते नासलेलं. हे लाल दिसतंय ते क्रीमचं. बाकीचे डाग समुद्राचे आहेत, ते माझेच."

दोह्योनच्या वडिलांना हसू आवरताना ठसका लागला, त्यांनी पाणी घेतलं. दोह्योनची आई मात्र हसली नाही. ती सोराकडे वळली. "मी लावते रोज. सगळ्या पायऱ्या, तू सांगितल्या तशा. घरात हे दोघे बापलेक विचारतात, फरक कुठाय, मी म्हणते तुम्हाला दिसत नाही. तू रोज हेच काम करतेस. खरं सांग पोरी, पडतो का फरक?"

दुकानातलं उत्तर सोराच्या जिभेवर तयार असणार. ते तिने गिळलं. "कातडी कोरडी पडत नाही. उन्हापासून जपलं तर डाग कमी पडतात, पण ते उन्हाच्या क्रीमच्या स्वस्तातल्या नळीनेही होतं. पडलेली सुरकुती याने जात नाही. मला माहीत होतं ते. फक्त आईचं ऐकून वाटायला लागलं होतं, जात असेल."

"आणि तरी विकलंस मला," ती मास्तरीण म्हणाली.

"हो."

 मग दोह्योनच्या आईने मधली वाफवलेल्या माशाची थाळी उचलली, पोटाकडचा मऊ तुकडा काढला आणि मालसुनच्या वाटीत ठेवला. "घ्या, विहीणबाई. काट्याशिवायचा आहे."

लग्न ठरलं. मालसुनचा चेहरा उतरला, म्हणजे पुरळ उतरलं, डाग आहेत तिथे आहेत. सोरा अजून त्याच दुकानात आहे, पोट आहे ना. पण उदाहरण म्हणून आईचं नाव घेत नाही, आणि गिऱ्हाइकाने विचारलं तर आधी उन्हाची नळी पुढे करते. मालक कुरकुरतो.

मला वाटलं होतं, मला आता मिठाला नाहीतर बटणांना ठेवतील. मालसुनने मला घासूनपुसून धुतलं आणि भंगारात जायच्या काचेच्या बाटल्यांच्या क्रेटमध्ये, सोया सॉसच्या बाटल्यांशेजारी नेऊन ठेवलं. बोंगजाताई म्हणाली, "अग, ठेव की. पोरीच्या पहिल्या पगाराची आहे."

"ती दिसली की पोरीचं तोंड दिसतं," मालसुन म्हणाली. "पाठ धरलीय म्हणून सांग म्हटलं ना मी, तेव्हाचं. ते मला विसरायचंय."

आता गाडी येईल आणि मला घेऊन जाईल. आईने मला का टाकलं ते सोराला ठाऊक नाही, आणि मालसुन तिला सांगणारही नाही. मला बोलता आलं असतं तर मी सोराला सांगितलं असतं. ते जमलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. लांबच्या गावी आई असेल आणि तिला काही पाठवलं असेल, तर एकदा जा, तिच्यासमोर बसा, डबी उघडा आणि तुमच्या हाताने तिच्या गालाला लावा. फोनवर 'फरक पडला का' असं तिला विचारू नका. ती पडला म्हणेल.