अर्पिताचा पासवर्ड

घरातल्या पुरुषांना ठाऊक नाही आणि आपल्याला ठाऊक आहे, अशी कोकिळाकडे जन्मात पहिल्यांदाच एक गोष्ट आली होती: पोरीचा पासवर्ड. चार दिवस ती तो पोळ्या लाटता लाटता घोकत होती. इथेही तो सांगायचा नाही, रागावू नका.

बोंडअळीने कापूस खाल्ला, त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली ही गोष्ट. अर्पिताने नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज घाटंजीला नेमसिंगच्या ऑनलाइन सेंटरवर भरला होता. नेमसिंग माणूस वाईट नव्हता. पण तो सगळ्या पोरापोरींना एकच पासवर्ड द्यायचा आणि वहीत लिहून ठेवायचा. कुणाचा भाऊ आला, काका आला, की वही पुढे. अर्पिताचा भाऊ ऋतिक गेला आणि तिच्या यादीत पहिलं असलेलं नागपूरचं कॉलेज काढून जवळचं टाकून आला. म्हणे कापूस गेला, आता पोरगी नागपूरला कायले! त्याच वर्षी त्याची मोटरसायकल मात्र बरी झेपली.

अर्पिताच्या वेळेवर लक्षात आलं. तिने यादी पुन्हा आपल्या मनासारखी केली, पासवर्ड बदलला, अर्जावर मैत्रिणीचा, जेबाचा मोबाइल नंबर टाकला, म्हणजे ओटीपी घरच्या फोनवर यायला नको. नागपूरचा हट्ट ती सोडेना; झालं, बापाने तिला आत्याकडे दारव्ह्याला धाडलं. निघताना ती आईच्या कानाशी लागली. "कागदावर लिहू नको. शेवटच्या दिवशी जेबाकडं जाऊन यादी पक्की कर. तिच्याशिवाय कोनाले सांगू नको."

शेवटच्या दिवशी पाचपर्यंत मुदत होती. तीन वाजता ऋतिक तणतणत आला.

"आई, वहीतला पासवर्ड चालून नाही राह्यला. तुले सांगून गेली असन ते. सांग."

"माहीत हाय मले. नाही सांगत."

बाजेवरून अर्पिताचा बाप, किसनराव, उठून बसले. "काहून? घरात लपवाछपवी कायची?"

"घरात नाही लपवलं. तुमच्यापासून लपवलं."

हे आपणच बोललो यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. तरी पदर खोचून ती बाहेर पडली, कुणाला न विचारता.

जेबा वडिलांच्या मोबाइलच्या दुकानात बसली होती. कोकिळाने तिच्या कानात एकेक अक्षर सांगितलं. यादी उघडली. पहिलं नागपूर.

"काकू, तुमीच दाबा."

कोकिळाने दाबलं. यादी पक्की झाली. तिला रडू आलं, आणि हसूही.

"आता नवा पासवर्ड टाका," जेबा म्हणाली. "हा मले कळला ना."

"तू त आपलीच हायस, पोरी."

"आपली हाय म्हनूनच सांगतो."

कुठलं अक्षर कुठे आहे ते दाखवून जेबाने खुर्ची भिंतीकडे फिरवली. सातवी शिकलेल्या कोकिळाने एका बोटाने, शोधत शोधत, नवा पासवर्ड दोनदा टाकला. जेबाने एकदाही मान वळवली नाही.

ती घरी आली तेव्हा दोघं दारातच होते.

"झालं ना तुह्या मनासारखं?" किसनराव म्हणाले. "मंग आता त सांग पासवर्ड. घरच्याले माहीत असावं."

"तो पोरीचा हाय. ते आली का तिले सांगन. तुमाले सांगाचा का नाही, ते ती ठरवन." कोकिळाने दोघांमधून वाट काढली आणि उंबऱ्यावरून मागे वळून म्हणाली, "तिलेच विचारा. पन नीट विचारा."