शोकसभेच्या पानावरची हळद

मी एक जुनं संकेतस्थळ आहे, मित्रांनो. जुनं म्हणजे सात वर्षांचं. तुमचे या वयाला दुधाचे दात पडतात. आमच्यात या वयाला म्हातारा म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात.

माझा जन्म सीबीडी बेलापूरला, खाडीकाठ सुविधा मंडळाच्या कचेरीत झाला. जुन्या गावांसाठी मंडळानं एक मोठं सभागृह बांधलं होतं. ते लोकांना घरबसल्या आरक्षित करता यावं, एवढंच माझं काम. काम अगदी सोपं होतं. ते अवघड करायला पुष्कळ माणसं लागली.

मला घडवणारी सुचिता नेरूळची. पगार घेऊन काम करायची, पण काम करायची हेही खरं. मला घडवण्याआधी ती गावात जाऊन बायकांच्या शेजारी ओट्यावर बसली. त्यांच्या हातात मोबाइल दिला आणि स्वतः तोंड मिटून बघत राहिली. कुणाचं बोट कुठे थांबतं, कोण चष्मा शोधतं, कोण मोबाइल सुनेकडे देऊन आत चहा टाकायला जातं. जिथे बोट थांबलं, तिथे तिनं मला दुरुस्त केलं. तेव्हा मी दिसायला फार साधा होतो. पांढरं पान, मोठी अक्षरं, वर एकच प्रश्न: कार्यक्रम कोणता? खाली पाच उत्तरं. त्यातलं पहिलं होतं 'हळद'.

या गावांत लग्नापेक्षा हळद मोठी. आदल्या संध्याकाळी सगळं गाव जेवायला, धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते, रात्रभर नाच. लग्नाला दुसऱ्या दिवशी जे जागे असतात ते येतात. पूर्वी हे घरापुढच्या अंगणात व्हायचं. आता अंगणात चार मजले उभे राहिले आणि त्यात भाडेकरू आले. म्हणून तर सभागृह.

सुचितानं मला मंडळाचे मुख्य अधिकारी हौसेरावसाहेब यांच्यापुढे ठेवलं. साहेब मूळचे साताऱ्याकडचे, राहायला कळंबोलीला. माणूस चांगला. शेजाऱ्याच्या मुलाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं आणि पहिल्याच उत्तरावर पेन टेकवलं.

"ही हळद कशाला?"

"सर, इथे हळदीलाच सगळ्यात जास्त माणसं असतात."

"मॅडम, माझ्या तीन बहिणींची लग्नं झाली. हळद आंघोळीच्या आधी लावतात, पाच सवाष्णी असतात. तिघींच्या लग्नात मिळून एक वाटी हळद संपली नाही. त्याला सभागृह देऊ? उद्या दात घासायला मागतील."

बैठकीतले सगळे हसले. सुचिता हसली नाही, म्हणून तिला चहा उशिरा मिळाला. हळद गेली. रिकाम्या जागेत अध्यक्षांचा फोटो आला, त्याखाली पळती अक्षरं आली, आणि लुकलुकणारा 'नवीन' हा शब्द आला. तो अजून लुकलुकतो. सुचिताला पुष्पगुच्छ देऊन निरोप दिला.

उरलेली उत्तरं चार. विवाह निवडला तर मुहूर्ताची वेळ लागायची, आणि लग्न दुसऱ्या दिवशी दुसरीकडे असेल तर मी अर्ज नाकारायचो. मुंज दुपारी बाराला संपायची. वाढदिवस साताला. रात्री अकरापर्यंत उघडी असायची ती फक्त शोकसभा, कारण दुःखाला लांबून माणसं येतात असं समितीचं मत पडलं.

मित्रांनो, लोक हुशार असतात, त्यांना फार छळावं लागत नाही. वर्षभरात खाडीकाठच्या सगळ्या गावांना वाट सापडली. हळद असली की 'शोकसभा' दाबायचं. नाव आधार कार्डाशी जुळावं लागे, म्हणून मयताच्या जागी नवऱ्या मुलाचं नाव. फोटोही त्याचाच. सभागृहाचा रखवालदार गोटीराम, गावचाच. अर्जाची छापील प्रत हातात घेऊन तो चेहरा पाडून विचारायचा, "शोकसभेला डीजे हाय का बेंजो?" आणि हार घालायला आलेला फोटो परत द्यायचा. अशी कित्येक वर्षं मी गावातल्या तरण्या मुलांना आदल्या दिवशी मारत होतो आणि दुसऱ्या दिवशी ती बोहल्यावर चढत होती. कुणाची तक्रार नव्हती.

पुढे साहेब पुण्याला एका प्रशिक्षणाला गेले आणि 'वापरकर्तास्नेही' हा शब्द घेऊन आले. शब्दाचा अर्थ त्यांनी असा लावला की वापरणाऱ्याला काही करायलाच लागू नये, सगळं आपोआप व्हावं. फोटो टाकला की सभागृहाबाहेरच्या मोठ्या फलकावर आपोआप झळकणार. पाहुण्यांचे नंबर टाकले की निमंत्रण आपोआप जाणार. काय जाणार ते पाठवण्याआधी दाखवावं का, असं एका कनिष्ठ मुलीनं विचारलं. साहेब म्हणाले, लोकांचा वेळ वाचवायचा आहे, वाया नाही घालवायचा.

आणि मग शालनबाई आल्या.

शालनबाई माझ्या जुन्या वापरकर्त्या. नवरा गेला तेव्हा त्यांनी हेच पान भरलं होतं, त्यामुळे वाट पाठ होती. आता मुलाची, तेजसची हळद होती. एकुलता मुलगा, बाप गेल्यावर एकटीनं शिकवून मार्गी लावलेला. त्याच्या हळदीला गावातलं एकही घर उपाशी राहता कामा नये, एवढीच त्यांची हौस. नवरी मुलगी प्रियदर्शिनी, हौसेरावसाहेबांचीच कन्या. दोघं एकाच कॉलेजातली. साहेबांनी नाखुशीनं होकार दिला होता, आणि नाखुशीचा होकार किती पातळ असतो ते शालनबाईंना ठाऊक होतं. म्हणून सगळं नीट पार पडायला हवं होतं.

त्यांनी शोकसभा निवडली. तेजसचा हसरा फोटो लावला. 'पाहुण्यांचे नंबर येथे भरा' हे वाचून त्यांना बरं वाटलं, गावाला तोंडी सांगून झालं होतं, आता बाहेरगावी पत्रिका वाटत फिरण्याचा त्रास वाचला. एकेक नंबर त्यांनी मनापासून भरला. पहिला व्याह्यांचा.

तुम्ही विचाराल, मला हे सगळं कसं कळलं? तुम्ही 'परवानगी द्या' हे बटण न वाचता दाबता ना, त्यातून मला बरंच ऐकू येतं.

ठरल्या संध्याकाळी मी माझं काम चोख केलं. आत तेजस पाटावर बसला होता, कानापर्यंत पिवळा. धवले सुरू होते, बेंजो सुरू होता. बाहेर रस्त्याच्या बाजूला फलक लागला. तेजसचा फोटो, त्याला हार, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. हार मी हलता दाखवतो, वाऱ्यावर डुलल्यासारखा. आणि त्याच क्षणी सगळ्या पाहुण्यांना संदेश गेला, की कळविण्यास अत्यंत दुःख होते. खाली दोन बटणं होती, 'येणार' आणि 'येणार नाही'. बहुतेकांनी 'येणार' दाबलं. प्रतिसाद उत्तम होता.

प्रियदर्शिनीनं तेजसला फोन लावला. पुन्हा लावला. पाटावरच्या माणसाजवळ फोन नसतो. ती वडिलांबरोबर गाडीत बसली आणि कळंबोलीपासून सभागृहापर्यंत फोन लावत राहिली. गाडी थेट फलकासमोर थांबली.

त्यांच्याआधी उरणहून तेजसची आत्या, बाळाबाई, गाडी भरून बायका घेऊन पोचली होती. रडत आत शिरली. रडणाऱ्या आणि नाचणाऱ्या बायका दारातच एकमेकींवर आदळल्या. बेंजोवाल्याला वाटलं, मुलाकडची मंडळी भावुक झाली. त्यानं ठेका वाढवला. बाळाबाईला पाटावरचा पिवळा तेजस दिसला, तशी ती जागच्या जागी बसली आणि मग उठून तिनं त्याच्या थोबाडीत दिली.

"मेल्या, जिता हायस ना रं तू?"

तिचा हात पिवळा झाला. तेजसला काहीच कळेना. तेवढ्यात दारात प्रियदर्शिनी दिसली, आणि तिच्या मागे पांढऱ्या सदऱ्यात साहेब.

इथपर्यंत हसण्यासारखं होतं, आणि काही लोक हसलेही. शालनबाई हात जोडून पुढे आल्या. म्हणाल्या, यंत्राची चूक झाली, हळदीला तिथं जागाच नाय म्हणून सगळीच असं भरतात. साहेबांनी खिशातून फोन काढून मला उघडलं. शोकसभा. मयताचं नाव. अर्जदाराचं नाव. सगळं व्यवस्थित भरलेलं होतं.

"यंत्राची चूक नाही," ते शांतपणे म्हणाले. "यंत्राला जे सांगितलं तेच त्यानं केलं. खोटी माहिती तुम्ही भरली. स्वतःच्या मुलाला मेला म्हणून लिहून देणाऱ्या घरात मी मुलगी देणार नाही."

"पप्पा, तो जिवंत आहे," प्रियदर्शिनी म्हणाली.

"नोंदीत नाही," साहेब म्हणाले, आणि तिला घेऊन गेले.

पुढच्या आठवड्यात माझ्यावर बैठक झाली. हळद घालावी, असं कुणी सुचवलं नाही, कारण हळद मुळात काढलीच नव्हती असं इतिवृत्तात होतं. रोग खोट्या माहितीचा आहे, असं ठरलं. मग साहेबांनी स्वतः एक वाक्य रचलं आणि त्यापुढे एक छोटा चौकोन ठेवला: 'वरील व्यक्ती मृत असल्याची मी स्वतः खात्री केली आहे.' त्यात टिक केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मंडळानं त्या वर्षी मला स्नेहचिन्ह दिलं, वापरकर्तास्नेही सेवेबद्दल.

लोकांनी तेही पचवलं. पाहुण्यांचे नंबर भरणं त्यांनी सोडलं, फलकाची वायर गोटीराम काढून ठेवू लागला, आणि गावातल्या आया चौकोनात टिक करू लागल्या. एकीनं केली, मग दुसरीनं केली. डोळे मिटून करायच्या, पण करायच्या.

प्रियदर्शिनीनं वर्षभर दुसरं स्थळ पाहिलं नाही. घरात जेवायची, पण बोलायची नाही. शेवटी साहेब पुन्हा नाखुशीनं हो म्हणाले. तिनं त्यांना एकच विनंती केली, की पप्पा, त्या पानावर एक शब्द वाढवा. साहेब म्हणाले, त्याला समिती लागते, आणि समिती दिवाळीनंतर बसते. लग्न दिवाळीआधी होतं.

म्हणून शालनबाई पुन्हा माझ्यापुढे बसल्या. शेजारी तेजस. नाव भरलं, फोटो लावला, नंबर रिकामे सोडले. मग चौकोन आला. त्यांनी वाक्य वाचलं. मोठ्यानं वाचलं, एकेक शब्द जोडत. त्यांचं बोट चौकोनाच्या वर येऊन थांबलं.

"आई, टेन्शन नको घेऊ. सगळेच करतात. नुसती टिक हाय."

"तुजे बापासचे वेली हा चौकोन नव्हता," शालनबाई म्हणाल्या.

"आन, मी करतो."

त्यांनी त्याचा हात बाजूला केला. बोट परत तिथेच नेलं. मी वाट पाहिली. मला वाट पाहण्याची ठरलेली मुदत आहे. ती संपल्यावर मी नियमाप्रमाणे लिहिलं: 'आपण बराच वेळ काहीही केले नाही. आपल्या सुरक्षिततेसाठी आपल्याला बाहेर काढण्यात आले आहे.'

"मना नाय जमत," त्या म्हणाल्या, आणि मोबाइल उलटा ठेवला.

तेजसची हळद भाडेकरूंच्या मोटारसायकली उभ्या असतात त्या बोळात लागली. पाट ठेवायला जागा झाली, पंगतीला झाली नाही. धवलारीण जिन्यात बसून गायली. अर्धं गाव बोळाच्या तोंडाशी उभं राहिलं आणि न जेवता परतलं. शालनबाई एकेकाला हात जोडत होत्या. सभागृह त्या संध्याकाळी रिकामं होतं. माझ्या पानावर त्या तारखेपुढे हिरव्या अक्षरांत 'उपलब्ध' असं लिहिलेलं होतं. ते मी अकरापर्यंत दाखवत राहिलो.

मित्रांनो, तुमच्यातले काही जण मोठेपणी माझ्यासारखी संकेतस्थळं बनवतील. तेव्हा एक करा. ज्याला ते वापरायचं आहे त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि तोंड मिटून त्याच्या बोटाकडे बघा. बोट थांबलं, तर दोष बोटाचा नाही एवढं ध्यानात ठेवा. तेवढा वेळ नसेल, तर मला समोर ठेवून अगदी असंच दुसरं बनवा. माझी काळजी करू नका. मला काहीही झालेलं नाही.