सकाळच्या अकरा हालचाली

चाकणच्या ज्या कंपनीत मी चार वर्षं तपासणीच्या टेबलावर होते, तिथे गाड्यांच्या सीटखालचे लोखंडी ब्रॅकेट बनायचे. दर तासाला पाच ब्रॅकेट उचलायचे, मोजायचे आणि आकडे शीटवर लिहायचे, असा नियम. तो नियम फ्रेम करून भिंतीवर लावलेला होता. प्रत्यक्षात दर तासाला मोजायला कुणाला सवड नसायची. शिफ्ट सुटायच्या आधी दहा मिनिटं बसून आम्ही आठ तासांचे चाळीस आकडे एका दमात भरून टाकायचो. या कामात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. नव्या मुली एकच आकडा चाळीस वेळा लिहायच्या आणि ऑडिटला पकडल्या जायच्या. मी कुठे थोडा वर, कुठे थोडा खाली, मधेच एखादा अगदी काठावरचा आकडा टाकायचे, दोन-तीनदा पेन बदलायचे. आमचे सुपरवायझर ज्योतीराम सर नव्या मुलींना माझी शीट दाखवायचे, रीडिंग कसं खरं वाटलं पाहिजे ते बघा म्हणून. बढाई मारायला हे सांगत नाही. पुढे जे झालं ते याच हाताने झालं, म्हणून सांगते.

मला दिवस गेले तेव्हा बुद्धभूषणने अख्ख्या लाइनला पेढे वाटले. भूषण, माझा नवरा, त्याच कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर होता, तिथेच आमचं जमलं होतं. तो खुशीत होता, मी नव्हते. पहिल्या दिवसापासून मला एकच वाटत होतं, की यातून मी उठणार नाही. हे काही उगाच नव्हतं. मी सहा वर्षांची असताना माझी आई दुसऱ्या बाळंतपणात गेली. परभणीकडचं आमचं गाव, तालुक्याचा दवाखाना लांब, जीपमध्ये मागे ती आणि पुढे वडिलांच्या मांडीवर मी. अर्ध्या वाटेत तिचं ओरडणं थांबलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हटलं, चला, आईचं दुखायचं थांबलं.

हे मी कुणाकुणाला सांगितलं. जी ती म्हणायची, सगळ्या बायका करतात गं, तूच काय निराळी. भूषण मोबाइलवर श्वासाचे व्यायाम लावून द्यायचा आणि टेन्शन घेऊ नको म्हणायचा, जसं काही मी ते दुकानातून मागवलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत, पण माझं माहेर म्हणजे एकटे वडील. म्हणून सातव्या महिन्यात सासूबाई, गिरजाबाई, गावाहून आमच्या मोशीच्या खोलीत राहायला आल्या. बाई तोंडाने फटकळ, पण मला त्यांनी हंडा उचलू दिला नाही की वाकू दिलं नाही. कंपनीने माझं कॉन्ट्रॅक्ट तेवढ्यात संपवलंच होतं. दिवसभर घरात बसून मी फक्त बाळंतपणाच्या दिवसाची वाट बघायचे.

बत्तिसावा आठवडा लागला तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी मला एक छापील तक्ता दिला. सकाळी आणि संध्याकाळी, खाणं झाल्यावर डाव्या कुशीवर पडायचं आणि बाळाच्या हालचाली मोजायच्या. दोन तासांत दहा झाल्या पाहिजेत. त्या म्हणाल्या, "दहापेक्षा कमी भरल्या तर फोन करत बसू नकोस, थेट निघून ये. बाळाला बोलता येत नाही, ते असंच सांगतं." मी मान डोलावली. मोजणं आणि लिहिणं हेच तर मला येत होतं.

पहिले नऊ दिवस मी अगदी खरं मोजलं. आणि त्या नऊ दिवसांनी माझा जीव खाल्ला. एक हालचाल झाली की जीव भांड्यात पडायचा आणि लगेच दुसरीची वाट सुरू. पाच मिनिटं गेली, दहा गेली, वीस गेली की मला आई दिसायला लागायची. मग मी पोटावर थापट्या मारायचे, साखर खायचे, कूस बदलायचे. दहा भरल्या तरी सुख नाही, कारण संध्याकाळी पुन्हा तेच. अन्न गोड लागेना. भूषणने विचारलं तर मी त्याच्यावर खेकसायचे.

दहाव्या दिवशी माझी तपासणी होती. आमच्याच बिल्डिंगमधली, भिंतीपलीकडची निलोफर सोबत होती. तिचंही पहिलंच होतं आणि तिलाही तसाच तक्ता दिलेला होता. ती माझ्या आधी आत गेली आणि भाबडेपणाने सांगून बसली, की आज सातच भरल्या. पाच मिनिटांत तिला चाकाच्या खुर्चीत बसवून माझ्या समोरून नेलं. तिचा नवरा अझहर चपला हातात घेऊन मागे पळत होता. दाराआडून तिचं रडणं ऐकू आलं, मग एक सिस्टर कसल्या तरी कागदावर सही घ्यायला बाहेर आली. मी बाकावर बसून तक्ता उघडला. सकाळच्या रकान्यात माझ्या नऊ होत्या, आणि खरं तर म्हणूनच मी घाबरून लवकर आले होते. मी पर्समधून पेन काढलं आणि नवाच्या बारा केल्या. आत गेल्यावर मशीन लावलं, ठोके व्यवस्थित लागले. मॅडम म्हणाल्या, छान.

निलोफरचं सीझर झालं. आठवड्याने ती मुलगा घेऊन घरी आली, दोघं ठणठणीत. मला त्यातलं काही दिसलंच नाही. मला फक्त ती खुर्ची दिसत राहिली.

त्या दिवसापासून मी मोजायचं सोडलं. सोमवारी बसून पुढच्या अख्ख्या आठवड्याचा तक्ता आधीच भरून टाकायचा: बारा, दहा, चौदा, अकरा. एखाद्या संध्याकाळी मुद्दाम दहा, म्हणजे खरं वाटतं. बाळ हलायचं तेव्हा कळायचं, नाही असं नाही. पण हललं की आकडा डोक्यात यायचा आणि आकडा आला की भीती यायची. म्हणून पोटात हललं की मी भांडी घासायला उठायचे नाहीतर मोबाइल उघडायचे. पंधरा दिवसांत मला तिकडे लक्ष न द्यायची सवय लागली. आणि काय सांगू, मला बरं वाटायला लागलं. झोप लागू लागली. वजन वाढलं. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, पोरगी आता सुधारली म्हणून. मॅडमनी माझा तक्ता बाकावरच्या बायकांना वर करून दाखवला, असा भरायचा असतो. तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. मला अभिमान वाटला.

अडतिसाव्या आठवड्यात तपासणीचा बुधवार आला. भूषणला दुपारची शिफ्ट होती, लवकर आटपायचं म्हणून त्याने बाइक काढली. सासूबाई दारात उभ्या राहून रिक्षा कर म्हणत होत्या. तो म्हणाला, दहा मिनिटांचा तर रस्ता आहे. तो गाडी पुसत होता तेवढ्यात मी तक्त्यात सकाळचा रकाना भरला. अकरा लिहिलं. सोमवारी आठवडा भरताना तो चुकून कोरा राहिला होता.

हायवेला वळायच्या आधी सर्व्हिस रोडवर एक खड्डा आहे. गाडी त्यात जोरात आदळली. मी ओरडले, त्याने थांबवली, लागलं का विचारलं. मला काही झालं नव्हतं. पुढे तो इतका हळू चालवत होता की सायकलवालेही आम्हाला मागे टाकत होते.

दवाखान्यात सिस्टरने पोटावर मशीन ठेवलं. इकडे ठेवलं, तिकडे ठेवलं, जेल पुन्हा लावलं, मग मॅडमना बोलवायला गेली. मला सोनोग्राफीच्या खोलीत नेलं. मॅडम स्क्रीनकडे बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी स्क्रीन माझ्यापासून वळवली, माझा हात धरला आणि सांगितलं, की बाळाचे ठोके नाहीत.

भूषणला आत बोलावलं. मॅडमनी विचारलं, शेवटची हालचाल कधी जाणवली होती. मी तोंड उघडायच्या आत त्याने पिशवीतून तक्ता काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचलं, आज सकाळी अकरा. केसपेपरवर तसंच लिहून घेतलं. मग वाटेत काही झालं का, म्हणून विचारलं. भूषणने खड्ड्याचं सांगितलं आणि सांगता सांगता त्याचा चेहरा उतरत गेला. मॅडम त्याला म्हणाल्या, एवढ्या धक्क्याने सहसा असं होत नाही, पुष्कळदा कारण सापडतच नाही. त्याला ते ऐकू गेलं नाही. सकाळी अकरा होत्या, मग खड्डा आला आणि आता काहीच नाही. प्रेसवर काम करणारा माणूस, त्याला हा हिशेब कुणी समजवायची गरज नव्हती.

मग मॅडम मला म्हणाल्या, "तू काही कमी केलं नाहीस साक्षी. इतका नीट तक्ता मी कुणाचा बघितला नाही." तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी डोळे मिटून घेतले.

गोळ्या दिल्या आणि कळा यायला दुसरा दिवस उजाडला. ज्या कळांना मी नऊ महिने भ्याले त्या आल्या. त्यांची मला भीती वाटली नाही. आपण मरू असंही एकदाही वाटलं नाही, उलट मेले तर बरं असं वाटलं. मुलगी होती. सिस्टरने विचारलं, बघायचंय का. मी बघितली. तिची नखं वाढलेली होती. भूषण तिला एकटाच घेऊन गेला आणि एकटाच परत आला.

घरी आल्यावर माझी छाती दुधाने दगडासारखी झाली. सासूबाईंनी जुन्या लुगड्याची पट्टी फाडून घट्ट आवळून बांधली. भिंतीपलीकडे निलोफरचं पोर रडलं की पट्टी भिजायची. सासूबाई माझ्या पायांना तेल लावायच्या, मला घास भरवायच्या, आणि सगळं खापर आपल्याच पोराच्या डोक्यावर फोडायच्या. त्यांचं दिवसातून दहादा चालायचं. रिक्षा कर म्हणलं तर ऐकलं न्हाई, सोन्यासारखं लेकरू घालवलं. भूषण उलट बोलायचा नाही. त्याने बाइक मित्राकडे नेऊन ठेवली आणि कंपनीच्या बसपर्यंत चालत जायला लागला. आठ दिवसांत त्याचे गाल बसले. मी हे अंथरुणावरून बघत होते. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मला त्याचा आधारच वाटला. त्याचा खड्डा होता म्हणून माझा तक्ता कुणाच्या ध्यानात येत नव्हता.

नवव्या दिवशी दुपारी तो माझ्याजवळ येऊन बसला. सासूबाई पलीकडे ओट्यापाशी भाकरी करत होत्या. तो खालच्या आवाजात म्हणाला, "साक्षी, तो खड्डा मला लांबून दिसला होता. मला वाटलं, बाजूने निघेल गाडी." मग तो रडायला लागला. लग्नानंतर मी त्याला कधी रडताना बघितलं नव्हतं.

मला ते सहन झालं नाही. मी म्हणाले, "भूषण, त्या अकरा मी मोजल्या नव्हत्या."

त्याला आधी समजलं नाही. मग मी सगळं सांगितलं. निलोफरची खुर्ची, नवाच्या बारा, सोमवारची बैठक. तो गाडी पुसत होता तेव्हाची दोन मिनिटं. फार सांगावं लागलं नाही. प्रेसवरची शीट तोही तशीच भरायचा.

"किती दिवस खरे होते?" त्याने विचारलं.

"पहिले नऊ."

मी वाट बघत होते, की आता हा ओरडेल, मारेल, उठून निघून जाईल. मला त्यातलं काहीही चाललं असतं.

"मग ती शेवटची कधी हलली होती?"

मी आठवायचा खूप प्रयत्न केला. मंगळवारी संध्याकाळी काहीतरी वाटलं होतं का? की ते रविवारी? कधीतरी पोटात काहीतरी सरकलं आणि मी उठून कपडे वाळत घालायला गेले, एवढं आठवत होतं. तो कोणता दिवस, ते नाही. मी म्हणाले, "मला माहीत नाही."

त्याने माझ्या अंगावरची चादर नीट केली आणि उठून ओट्यापाशी गेला. सासूबाईंनी त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि त्यांचं पुन्हा सुरू झालं. "खाऊन घे. आन त्या गाडीला आधी काडी लाव. म्या घसा फोडून सांगत व्हते, रिक्षा कर म्हणून."

"व्हय आई," तो म्हणाला, "माझंच चुकलं."

मी अंथरुणातून उठले नाही. सासूबाईंना अजूनही कुणी काही सांगितलेलं नाही, आणि तो त्यांचं बोलणं रोज ऐकून घेतो.